पाठीवरचे सोळा पेले

व्रोत्सवाफ, पोलंड
९ ऑक्टोबर २०२४

ती. प्लासिडभाऊस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने भलतंच उत्तर द्यायचं, असं चाललंय. त्यापेक्षा पत्र बरं. मी मोठ्या अक्षरात लिहिते, माझी ब्रिटनी फोटो काढून तुझ्या सूनबाईला पाठवते. रोवेनाला म्हणावं, कागदावर छापून सासऱ्याच्या हातात दे.

तुझी भाची चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. १८ तारखेला तिला डॉक्टरेट मिळणार. आपल्या निर्मळच्या विहिरी खाऱ्या होताहेत, त्या पाण्यावर केळ कशी तगेल, हे शोधायला पोरीने चार वर्षं घालवली. त्या दिवशी मी आईचं लाल चौकड्यांचं लुगडं नेसणार आहे. ब्रिटनी म्हणते, मम्मी, थंडीने गारठशील. गारठू दे.

समोरच्या घरात एक आजी राहते, हालिना. चौऱ्याहत्तर वर्षांची, नोकरीत असताना ट्राम चालवायची. इथे बाईला आदराने ‘पानी’ म्हणतात. पहिल्याच सकाळी ब्रिटनी आतून ओरडली, पानी आली, पानी आली. मी झोपेतच बादली घेऊन नळाखाली लावली. पाण्याला ‘पानी’ म्हणणाऱ्या पाचूबंदरच्या कोळणींमध्ये लहानपण गेल्यावर दुसरं काय होणार!

आता वाईट बातमी. काल कोबीचा गड्डा उचलायला वाकले आणि कमरेत अशी कळ गेली की तिथेच बसले. डॉक्टरने तपासलं. हाडाला काही नाही, स्नायू आखडलाय, गोळ्या आणि विश्रांती. कुशीवर वळायलाही ब्रिटनी लागते. पानी हालिना धावत आली ती काचेच्या गोल वाट्यांची पेटी घेऊनच. आत जाळ फिरवून त्या पाठीवर लावतात म्हणे. मी चौतीस वर्षं नर्स होते, मला हे कोण शिकवणार? हसून नको म्हटलं. बिचारी पेटी काखेत मारून परत गेली.

तू काळजी करू नकोस. वहिनीला आठवण सांग. माया आहे ती असू दे.

तुझी,
प्रिस्का

निर्मळ
११ ऑक्टोबर २०२४

चि. प्रिस्कास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. बादलीचं वाचून रोवेना आणि मी पोट धरून हसलो. कमरेचं वाचून हसू गेलं. जड काही उचलू नकोस आणि पोरीच्या दिवसाला कशीही उभी राहा. इथे ऊन मी म्हणतंय. चाफा मात्र भरपूर आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं करत लिहितो. त्या म्हातारीला तू परत पाठवलंस, हे वाचून मला आपला ओटा आठवला. सत्त्याऐंशी साल. तू नर्सिंग पुरं करून नुकतीच घरी आली होतीस. आई एका बाईच्या दुखऱ्या पाठीवर पेला पालथा लावायला बसली होती. कणकेच्या गोळीत वात खोचून झाली होती, काडी पेटवायची बाकी होती. ओट्यावर आणखी चार-पाच माणसं खोळंबली होती. तू त्या सगळ्यांच्या देखत आईच्या हातातून पेला काढून घेतलास आणि हा अडाणीपणा बंद कर, हिला हॉस्पिटलात पाठव, म्हणालीस. आईने हात पदराला पुसले आणि आत गेली.

त्यानंतर तिने कुणालाच पेला लावला नाही. उमेळ्याहून, पाचूबंदरहून माणसं यायची, ती दारातूनच नाही म्हणायची. तू मुंबईला नोकरीवर निघून गेलीस, तुला ते बघावं लागलं नाही. मी रोज बघत होतो. परक्या मुलखातल्या आजीलाही तू तसंच परत पाठवलंस. बघ बाई, तू शिकलेली.

बाकी सगळं ठीक. जपून राहा. मोठ्या भावाचा आशीर्वाद आहेच.

प्लासिड

व्रोत्सवाफ
१३ ऑक्टोबर २०२४

ती. प्लासिडभाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग ब्रिटनीला म्हटलं, पानी हालिनाला बोलाव.

ती पेटी घेऊन आली. मी पडल्या पडल्या अटी घातल्या. चिरा मारायच्या नाहीत, रक्त काढायचं नाही, वाट्या आधी उकळायच्या. ब्रिटनीने भाषांतर केलं. म्हातारी म्हणाली की ट्राम चालवताना सुद्धा तिला इतक्या सूचना कुणी दिल्या नव्हत्या. तिने विणकामाच्या सुईला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला, पेटवला. जाळ वाटीत क्षणभर फिरवायचा आणि वाटी पटकन पाठीवर पालथी घालायची. पहिली लागली तेव्हा मी दचकले. भाजत नाही रे, आतलं मांस कुणी मुठीत धरून वर उचलावं तसं वाटतं. एकामागून एक सोळा लावल्या. हलले की पाठीवर काचा किणकिणायच्या. ब्रिटनीने फोटो काढला. कासवासारखी दिसत होते.

नर्स म्हणून विचारशील तर याने रोग जातो असं मी आजही म्हणणार नाही. पण दहा मिनिटांनी वाट्या निघाल्या तेव्हा अंग सैल पडलं होतं. आठ तारखेपासून पहिल्यांदाच मी आपली आपण कुशीवर वळले.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. वाटी लावण्याआधी पानी हालिना नुसता तळवा पाठीवर ठेवून थांबायची. मग हात जरा सरकवायचा, पुन्हा थांबायचं. आई अगदी असंच करायची. तेव्हा मला वाटायचं, आई लोकांवर छाप पाडायला वेळ काढते. चौतीस वर्षं वॉर्डात हजारो पाठींवरून हात फिरवल्यावर आज कळलं, ती तपासत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिला येत होतं.

मी रडायला लागले. पानी हालिनाला वाटलं भाजलं. मग मी ब्रिटनीकडून सांगवलं की माझी आई हेच करायची, चार गावांतून माणसं यायची, आईच्या हाताला गुण होता. छाती फुगवून सांगितलं, पालथं पडून जेवढी फुगवता येते तेवढी. तिने आईचं नाव विचारलं. मार्था म्हटल्यावर म्हणाली, आमच्यातही हे नाव आहे. निजल्या जागेवरून मी आयुष्यात पहिल्यांदा आईच्या पेल्याबद्दल कुणाला अभिमानाने सांगितलं, आणि ते ऐकायला आई नव्हती.

भाऊ, त्या दिवसातली मला फक्त त्या बाईची पाठ आठवते. हाडकुळी, तरुण, मणक्यावर मध्येच एक उंचवटा. चेहरा आठवत नाही. ती कोण होती? असेल अजून, तर शोध आणि तिची माझ्या वतीने माफी माग. आईची मागता येत नाही.

राग असला तरी उत्तर पाठव.

तुझी,
प्रिस्का

व्रोत्सवाफ
१९ ऑक्टोबर २०२४

ती. प्लासिडभाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. रोवेना म्हणते बाबा बरे आहेत, पण काही बोलत नाहीत. रागावला असशील तर रागाव, पण कालचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काल मी उभी राहिले. कंबर दुखत होती, पण गोळी घेऊन, पट्टा बांधून चार जिने उतरले. त्याआधी आईचं लुगडं नेसले. कासोटा मागे खोचायला हात पोहोचेना, तो पानी हालिनाने माझ्या सांगण्यावरून खोचला. मानेखाली वाट्यांचे दोन जांभळे गोल स्पष्ट दिसत होते. ब्रिटनीने शाल पुढे केली. मी नको म्हटलं.

विद्यापीठाचं सभागृह म्हणजे आपल्या चर्चएवढं उंच, छतभर देवदूत रंगवलेले. पानी हालिना आमच्या शेजारी टोपी घालून बसली होती. मागच्या बाईने माझ्या मानेकडे बघून काही विचारलं, तेव्हा म्हातारी ताठ झाली आणि मी लावलेत म्हणून मोठ्याने सांगून मोकळी झाली. दोन रांगा हसल्या.

मग ब्रिटनीचं नाव पुकारलं. आमचं आडनाव त्या लोकांना नीट उच्चारता आलं नाही, पण उच्चारलं! तिने दोन मिनिटं आभार मानले. भाऊ, नीट वाच. ती म्हणाली की भारतात तिचा एक मामा आहे, शाळा आठवीपर्यंत. तो चार वर्षं दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर विहिरीवर जायचा, पाणी बाटलीत भरायचा, तारीख लिहायचा. पावसात, तापात, एक रविवार चुकला नाही. हे सगळं काम त्या पाण्यावर उभं आहे. मग तिने तुझं नाव घेतलं. प्लासिड. इतक्या मोठ्या सभागृहात. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मी कंबर विसरून उठून उभी राहिले.

तू काही लिहिलं नाहीस तरी हे पत्र जपून ठेव.

तुझी,
प्रिस्का

निर्मळ
२१ ऑक्टोबर २०२४

चि. प्रिस्कास,
खूप खूप आशीर्वाद.

मी रागावलो नव्हतो. शोधत होतो. आधी उमेळ्यात विचारलं, मग स्कूटर काढून चार सकाळी पाचूबंदरला गेलो. काल सापडली. शकू तिचं नाव. पासष्टीची आहे, अजून मासळीच्या लिलावाला बसते, आवाज खणखणीत. मी पत्रातलं सगळं सांगितलं, तुझी माफी मागितली. ती हातातलं काम टाकून उठली. मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून बोलायला लागली. मला ऐकू आलं आणि अख्ख्या बंदरालाही आलं.

तिला त्या दिवसांत रोज संध्याकाळी ताप यायचा. आईचा हात तिच्या पाठीवरच्या त्या उंचवट्यावर थांबला होता. काय आहे ते आईला कळेना, मनात धास्ती मात्र आली. तेवढ्यात तू आलीस आणि हॉस्पिटल म्हणालीस. दुसऱ्या सकाळी आई स्वतः तिला घेऊन गेली. मणक्याचा क्षय निघाला. दीड वर्ष गोळ्या चालल्या. तेव्हा क्षय म्हटलं की सासरचे परत पाठवायचे, म्हणून शकूने आईला कुणाला सांगू नका असं विनवलं. आईने मला सुद्धा सांगितलं नाही.

शकू म्हणाली, पेला लावून दुखनं दबलं असतं आनि मी घरीच बसली असती, मेली असती. आई दर महिन्याला तिच्याबरोबर गोळ्या आणायला जायची. वाटेत तिला सांगायची की माझ्या हाताला जे नुसतं लागलं ते माझ्या पोरीच्या डोळ्यांना दिसलं. आता माझ्या दारात येणाऱ्याला मी डॉक्टरकडेच पाठवणार, आमची प्रिस्का नर्स आहे. शकू म्हणते, हे सांगताना तुझी आई अशी चालायची जशी काय बंदरातली सगळी मासळी तिचीच.

मी समजत होतो की तू आईचं मन मोडलंस. सदतीस वर्षं तसंच समजलो. त्या पत्राआधी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण तुझ्या नोकरीचं, बढतीचं, निरोप समारंभाचं मी कधी धड कौतुकही केलं नाही. तुला ते जाणवलं असणार. चूक माझी होती.

आता क्षयाचं सगळ्यांना कळलं, याचं शकूला काही नाही. म्हणते, नवरा गेला, सासू गेली, आता कोनापासून लपवू? निघताना लिलावातल्या एकाने मला विचारलं, तू त्या नर्सचा कोण लागतोस. ऐकू येत नसल्याने माझा आवाज किती चढतो ते तुला माहीत आहे. लिलावाच्या सगळ्या गोंगाटावरून सांगितलं, मी प्रिस्का नर्सचा भाऊ. बोली थांबली, माणसं वळून बघायला लागली. मी पुन्हा सांगितलं.

इतकी वर्षं माया कमी पडली, ती आता भरून घे.

तुझा भाऊ,
प्लासिड