चौसाळ्यात बसणारं नाव

३ जानेवारी
लॅपटॉप आजही मेला. समोर विठ्ठलकाकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्यांनी शटर वर केलं की इकडं माझी स्क्रीन काळी. आई म्हणते, "त्येंच्या मोटारीचा करंट लागत आसन." करंट नाही, काकांचं वायफाय आहे. पकडतेच.

५ जाने.
सापडलं! काकांच्या वायफायचं नाव "कार्यसम्राट भाऊ मित्रमंडळ चौसाळा". वायफायच्या नावाला नियमानं ठरलेले खाने, म्हणजे बाइट, बत्तीस, आणि मराठी अक्षर तीन-तीन खाने अडवून बसतं. काकांचा स्वस्तातला राउटर मोजत नाही, अख्खं नाव देतो हवेत सोडून. आणि माझी ऑपरेटिंग सिस्टिम? तीही न मोजता मेमरीत ओतते. उरलेलं सांडतं भलत्याच जागी. नुसतं बंद पडतं हे नशीब. एखाद्यानं त्या सांडणाऱ्या भागात हुकूम भरून पाठवले तर नुसतं शेजारी बसून लॅपटॉप ताब्यात. वायफायला जोडायचीही गरज नाही. गावात ही सिस्टिम माझ्याकडेच, पण जगात ढिगानं आहे.
सिस्टिमवाल्यांना कळवलं. दुरुस्ती होईतो कुणाला सांगायचं नाही. पोटात मावत नाहीये.

९ जाने.
उत्तर आलं. एवढं लांब नाव नियमात बसत नाही, म्हणून असं घडणं अशक्य म्हणे. नियमात नसेल बसत, चौसाळ्यात बसतं! जाम चिडले. उद्या व्हिडिओच काढून पाठवते.

१० जाने.
घात. लॅपटॉप दिवसभर ठणठणीत. भाऊंनी पक्ष बदलला, काकांनी रागारागात त्यांचं नाव पुसून नुसतं "मोटार" ठेवलं.
"काका, एक दिवस जुनं नाव टाका ना."
"न्हाई. भाऊ तिकडं गेले तवा आमाला इचारलं व्हतं का? मग कावून मिरवायचं त्येंचं नाव?"
खरं कारण सांगता येत नाही. आणि माझा राउटर बत्तीसच्या पुढं सरकतच नाही.

११ जाने.
चहा घेऊन दुकानात गेले. म्हटलं, "भाऊंचं नको, कुणाचंही टाका, पण लांबलचक. माझं लई मोठं काम अडलंय."
काकांनी बघितलं माझ्याकडं. "मंग तुझंच टाकतो, प्रज्ञा. तू तर पलटी मारनार न्हाईस."
मोबाइलवर एका बोटानं टाइप केलं: "चौसाळ्याची वाघीण प्रज्ञाताई". लाजेनं मेले. पाठोपाठ घरी लॅपटॉपही. मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवला.

१६ जाने.
उत्तर नाही. वाट बघत बसणारी मी नाही. सिस्टिमचा कोड सगळ्यांना खुला आहे, दुरुस्ती मीच लिहिली. आधी लांबी मोज, जास्त असेल तर फेकून दे. एवढंच. बसवली, वायफाय चालू केलं, काकांचा राउटर चालूच होता. लॅपटॉप जागचा हलला नाही. ओरडलेच! आई धावत आली, तिला काय सांगणार...
दुरुस्ती पाठवली. माझा वाचला. बाकीच्यांची दारं उघडीच, आणि माझ्या तोंडाला कुलूप.
संध्याकाळी काका म्हणाले, "झालं का काम? काढू का नाव?"
"राहू द्या काका," म्हटलं. "परत दाखवा म्हणाले तर लागेल."