क्रमांक तीनला नाव

झ्विकाऊ, ५ नोव्हेंबर १९५१
परत पाठवली! प्रोफेसर ग्रेनरांची चार तंतुवाद्यांची रचना, नाव नुसतं 'क्रमांक तीन', सरकारी संगीत मंडळाने नाकारली. कारण एका ओळीत – विषय नाही. मंडळाचे प्रमुख कॉम्रेड ड्योरफेल कागद नाचवत म्हणाले, "क्रमांक तीन! हे संगीत आहे की बुटाचं माप?" सगळं ऑफिस हसलं. मी हसले नाही, पण बोललेही नाही. मला इथे कार्यक्रमपत्रिका लिहायला घेतलंय, बोलायला नाही.

६ नोव्हेंबर
ग्रेनरांकडे. स्वयंपाकघरातच पियानो, कारण शेगडी एकच. सहा वर्षं लागली त्यांना ही रचना करायला. हृदय इतकं थकलंय की डॉक्टर उन्हाळ्यापर्यंतचाही भरवसा देत नाहीत. यंदा वाजली नाही, तर त्यांच्या कानांवर पडणारच नाही.
मी म्हटलं, सर, नुसतं एक नाव द्या ना. ते म्हणाले, नाव दिलं की लोक नावच ऐकतात. वादळ म्हटलं की पाऊस शोधत बसतात.
"मग यात आहे तरी काय?"
"काही नाही. म्हणून तर माझी सगळी माणसं तिथे मावतात."
बायको इर्मा आणि दोन्ही मुलगे युद्धात गेले त्यांचे. भिंतीवर एकही फोटो नाही.
शब्दांशिवायचं संगीत आणि गोष्ट सांगणारं संगीत, यांतल्या फरकावर मी विद्यापीठात वीस पानं लिहिली होती. पहिला वर्ग मिळाला. त्या वीस पानांत हे वाक्य नव्हतं.

९ नोव्हेंबर
पत्रिका लिहिली. त्यांना न विचारता.
नाव – 'खाणीतली पहाट'. पहिला भाग म्हणजे अंधारात कामावर निघालेली माणसं. दुसऱ्या भागात चेलोची तार बोटाने तीनदा छेडली जाते, ती माणसांचा पिंजरा खाणीत खाली सोडायची घंटा. (बाबा रोज तसल्याच पिंजऱ्यातून कामावर उतरतात. घंटेचं त्यांनाच विचारून घेतलं.) शेवटी सगळे वर, उजेडात.
अर्ध्या तासात मंडळाचा मंजुरीचा शिक्का!
मी एक सूरही बदललेला नाही. एकही नाही.

१० नोव्हेंबर
त्यांना सांगितलं. कितीतरी वेळ बटाट्याचं सूप ढवळत राहिले.
"पण वाजणार म्हणतेस?"
"हो, सर."
"मग वाजू दे."

२४ नोव्हेंबर
वाजली. खाणीने तिकिटं वाटली होती. बाबांच्या पाळीतले चाळीस जण रविवारचे कोट घालून मागे बसले. आत येताना त्यांच्यातल्या कुणीतरी मला "काय, प्रोफेसरीणबाई!" म्हणून चिडवलं. मग पत्रिका वाचायला घेतल्या, काहींनी ओळींखाली बोट धरून.
दुसरा भाग. चेलो तीनदा वाजला आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ग्लुकआउफ." खाली उतरताना हे एकमेकांना म्हणतात, सुखरूप वर या म्हणून. मग दुसरा म्हणाला. मग चाळीसही जण. वादक दचकले, पण थांबले नाहीत.
बाबा रडत होते. घरी येताना म्हणाले, "चार पिढ्या खाली उतरलो आपण. आमच्यावर कुणी कधी काही लिहिलं नव्हतं. तुला शिकवलं ते वाया नाही गेलं."
ग्रेनर कडेच्या खुर्चीत होते, ओव्हरकोट न काढता. ड्योरफेलनी दिलेली फुलं मांडीवर. मी वाकून विचारलं, कसं वाटलं?
"छान वाजवलं पोरांनी."

२५ नोव्हेंबर
बाबा खूश. मंडळ खूश. ग्रेनरांनी फक्त पोरांच्या वाजवण्याला छान म्हटलं.

२ डिसेंबर
ग्रेनर रोज पियानोवर तीच रचना वाजवून बघतात. आज मी असताना दुसऱ्या भागापाशी थांबले. चिडले नव्हते, नुसतं सांगितलं. "पूर्वी इथे इर्मा यायची. आता घंटा झाली की ते लोक येतात. चांगली माणसं आहेत गं. पण जागा उरत नाही."
मी म्हटलं, मी ते शब्द मागे घेते, मंडळाला पत्र लिहिते.
"ऐकलेलं मागे घेता येतं का?"

१३ डिसेंबर
आज ग्रेनर स्वतः ऑफिसात आले. मंडळासाठी नवी रचना आणली होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नाव – 'पोलादाची भट्टी'. ड्योरफेलनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मी पानं उलटली. सुरांच्या ओळी सगळ्या कोऱ्या.
"तू आधी लिही," ते मला म्हणाले. "काय ऐकू यायला हवं ते कळलं, की मी सूर भरतो."