संस्थेचा गूळ

तीर्थरूप किसनसिंग मामा,

जय सेवालाल. भाचा ओमचा वाकून नमस्कार. इकडे आई आणि मी बरे आहोत (आईचा गुडघा सोडून). तुमचा खोकला उतरला का? मामीची शेळी व्याली का? तुमची रंजिता बी.ए. झाल्याचे ऐकून आनंद झाला (खरेच झाला). फोन करत नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि मग मला आख्खा तांडा उत्तर देतो. म्हणून पत्र. तीनदा कच्चे लिहून हे पक्के केले आहे.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे, तरी घोळ नको म्हणून पुन्हा सांगतो. उमरखेडला परदेशी मदतीवर चालणाऱ्या दोन संस्था आहेत. एक आमची पाणीवाली, दुसरी रस्त्यापलीकडची पोषणवाली. दोघींनाही तांड्यावर आपल्या गोरबोलीत बोलणारी माणसे हवी असतात आणि ती मिळतात थोडी. त्यामुळे आमच्याकडे काम शिकायचे आणि रस्ता ओलांडायचा, असे वर्षात पाच जण गेले. आमचा सुनील तर चहा प्यायला म्हणून पलीकडे गेला आणि गळ्यात त्यांचे ओळखपत्र घालून परत आला. शेवटी आमच्या सुचित्रा मॅडम आणि तिकडचे अनिमेष सर यांनी बसून कागद केला, की एकमेकांची स्थानिक माणसे घ्यायची नाहीत. नोकरी सोडली तरी वर्षभर नाही. मॅडमचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही. दर चार महिन्यांनी नवा माणूस आला तर बायांनी हातपंपाची तक्रार सांगायची कोणाला? (अनिमेष सर स्वतः मात्र पुढच्या महिन्यात दिल्लीच्या मोठ्या संस्थेत चालले आहेत. ते स्थानिक नाहीत, म्हणून कागदात बसत नाहीत. मी दोनदा वाचून खात्री केली.)

माणसे घरच्यांच्या सांगण्यावरून रस्ता ओलांडतात असे मॅडमच्या कानावर आले होते, म्हणून तो कागद तांड्यावर गोरबोलीत समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी तीन पाने लिहून नेली. पहिल्या पानाला लोक गप्प होते, दुसऱ्याला उठायला लागले. तेव्हा तांड्याचे प्रमुख हिरासिंग नायक यांनी सोपे करून विचारले की, एका घरी ठरलेली पोरगी दुसऱ्या घराने मागायची नाही, असेच ना? लोकांनी बसून राहावे म्हणून मी हो म्हणालो. मामा, तिथेच चुकलो. आपल्यात सोयरीक म्हटली की गूळ आला, आणि पंचांसमोर गूळ खाल्ला की शब्द पक्का. नायकांनी लगेच गूळ आणवला आणि पंचांसमोर आम्हा सात कर्मचाऱ्यांना वाटला. समजावणारा म्हणून पहिला खडा माझ्या तोंडात. मॅडमनीही प्रसाद समजून खाल्ला, छान आहे म्हणाल्या, आणि फोटो परदेशी पाठवला. तेव्हापासून नायकांची बहीण सुखीबाई मला पाहिले की विचारते, "काहून रे ओम, म्याडमच्या घरी नांदायले कवा चालला?"

आता खरी अडचण. हा कागद होण्याच्या पंधरा दिवस आधी मी पोषणवालीकडे समन्वयकाच्या जागेसाठी अर्ज टाकला होता (त्यामुळे गूळ घशातून उतरेना). आमचे पाण्याचे काम मार्चला संपते. मग मी घरी. बारावी नापास माणसाला समन्वयक करायला तयार असलेली तालुक्यात ही एकच जागा आहे. मुलाखत येत्या सोमवारी अकरा वाजता. मी चाचरत मॅडमना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. काम संपतेच आहे म्हणून हरकत नसल्याचे पत्र दिले, सही-शिक्क्यासह. म्हणजे कागद सुटला, गूळ सुटला नाही. ते पत्र घेऊन नायकांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले.

"ओम, गूळ कागदावर नव्हता ठेवला," ते म्हणाले. "तो तुह्या पोटात गेला."

मी तसाच मुलाखतीला गेलो तर संस्थेचे काही अडणार नाही. पण शब्द मोडलेल्या माणसाला कोणता तांडा दारात उभा करील? आणि समन्वयकाला तर वीस तांडे फिरायचे असतात. नायक म्हणतात, एकच वाट आहे. आईकडच्या वडीलधाऱ्याने पंचांसमोर उभे राहून शब्द सोडवून मागावा. तो मान तुमचा. तरी रविवारी यावे. यवतमाळला गाडी बदलावी लागते. गाडी एक वाजता येते, मी आठपासून स्टँडवर असेन.

मला कोणाबद्दल वाईट लिहायचे नाही. एवढेच वाटते की माणसाला जिथे बोलावणे येईल तिथे जाऊ द्यावे. जागा लायकीने मिळावी. चार लोकांनी आधीच आपसात ठरवून एखाद्याची वाट अडवणे बरे नाही.

तुमचा भाचा,
ओम

ता.क. आईला यातले काही बोलू नका. मी समन्वयक झालो असे तिने शेजारच्या सोनीबाईला आधीच सांगून टाकले आहे.

ता.क. २. मुलाखतीची यादी आमच्या संस्थेतल्या शामने पाहिली. तीन नावे आहेत. पहिल्याची भीती नाही, दुसरा मी. तिसरे नाव रंजिताचे आहे. ती बी.ए. आहे आणि तिला कोणताही कागद लागू नाही. मामा, सोमवारी तिला उमरखेडला पाठवू नका. दोन घरे आपलीच, त्यात कशाला चढाओढ? वर वाट अडवण्याबद्दल जे लिहिले ते संस्थांपुरते समजावे.

ता.क. ३. पत्र बंद करताना आठवले की चष्मा फुटल्यापासून तुम्हाला पत्रे रंजिताच वाचून दाखवते. पाचव्यांदा लिहायला वेळ नाही. शाम तुमच्या बाभुळगावला निघाला आहे आणि पत्रासाठी दारात उभा आहे. रंजिता, दुसरा ता.क. मामांना वाचून दाखवू नकोस. पण त्यांना गाडीची पाटी दिसत नाही, तेव्हा रविवारी त्यांना घेऊन तुलाच यावे लागेल. येताना गुणपत्रिकांच्या मूळ प्रती आणि दोन फोटो आण. त्याशिवाय सोमवारी मुलाखतीला आत घेत नाहीत.