धुळ्याच्या खिडकीचं हँडल

४ एप्रिल, शुक्र.

धुळ्याहून अक्कांचा फोन. तब्येत विचारली तर म्हणे, "आठली खिडकी एक बोटघाई उघडस वं सुनंदा. इतली नरम शे." दहा मिनिटांच्या फोनमध्ये सात मिनिटं तिथली एका बोटाने उघडणारी खिडकी. सासूबाई खिडकीवर इतकं बोलू शकतात हे बावीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

आठ दिवस म्हणून गेल्या. धाकट्या दिरांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पिशवीत चार साड्या नेल्या होत्या फक्त. आता म्हणे वैशालीने तिकडे सहा नव्या घेऊन दिल्या.

वैशाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. यापुढे नुसतं वै. लिहीन. तिच्यावर जास्त शाई नको.

६ एप्रिल, रवि.

आपल्याही खिडक्या प्लॅस्टिकच्याच आहेत. इथे मेहरूणमध्ये या गल्लीत पहिल्या आपण बसवल्या, लोक बघायला आले होते. तेव्हा वै. धुळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. हे कोणाला आठवत नाही.

पण अक्कांच्या खोलीतली पश्चिमेची खिडकी. तिचं हँडल उन्हाने खाल्लं, संक्रांतीच्या आसपास मोडलंच. तेव्हापासून मी पकडीने उघडते. सकाळी मी, संध्याकाळी मी. अक्कांना हात लावू दिला नाही कधी, बोटं आधीच सांध्यांनी वाकलेली. दिवसा बंदच ठेवते, माझं शिलाई मशीन त्याच खोलीत, धुळीने गिऱ्हाइकांचे ब्लाउज खराब होतात.

आज हे जेवताना म्हणाले, "भाऊ म्हणतोय यंदा आखाजीची घागर धुळ्याला भरू. नवं घर आहे."

सासरे, नाना, गेल्यापासून अक्षय्य तृतीयेला त्यांच्या नावाची घागर याच घरात भरतात. थोरलं घर आहे हे. अक्का स्वतः पाणी ओततात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, नानांचं नाव घेतात. घागर तिकडे गेली की अक्का तिकडच्याच झाल्या. मग मी कोण? बावीस वर्षं शेक-मालिश करणारी बाई.

"तुम्ही काय म्हणालात?"
"म्हटलं, अक्का सांगेल तसं."
वा.

८ एप्रिल, मंगळ.

ठरलं. आखाजीच्या आत इथलं हँडल बदलायचं. अक्कांना एका बोटाने उघडणारी खिडकी पाहिजे ना, देते.

हार्डवेअरवाल्या शेठकडे गेले. त्याच्या घरचे ब्लाउज मीच शिवते. म्हणाला, "भाभी, हँडल हँडल में फरक है. जुनं काढून आणा, त्याच मापाचं देतो. तुम्हीच नाही का सांगत बायकांना, मापाचा ब्लाउज आणा म्हणून?"

बरोबर बोलला. पण जुन्या मापाचं मला नकोच होतं. मला धुळ्यासारखं हवं होतं.

१३ एप्रिल, रवि.

वै.कडे चैत्राचं हळदीकुंकू. तिचा ब्लाउज शिवून तयार होता, तो द्यायचं निमित्त. सकाळच्या बसने गेले.

घर छान आहे. लिहायला हात जड होतोय, पण आहे. पन्हं पण चांगलं केलं होतं. अक्का नव्या साडीत, गजरा माळून मधोमध बसलेल्या. गजरा! माझ्याकडे कधी माळला नाही. आल्या-गेल्याला सांगत होत्या, "मनी वैशालीना हातनं पन्हं शे." मनी वैशाली. माझी वैशाली म्हणे!

गच्चीवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत होते. ज्वारीचं पीठ अक्कांनी स्वतः शिजवलं म्हणे, वै.ला शिकवलं. दरवर्षी चैत्रात हे माझ्या गच्चीवर असतं. एक तुकडा तोडून खाल्ला. मीठ बरोबर होतं. रडू येईल असं वाटलं म्हणून खाली आले.

दुपारी बायका हॉलमध्ये, वै. स्वयंपाकघरात. अक्का आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडव्या. मी त्यांच्या खिडकीशी. ऊन होतं म्हणून लावलेली होती. पांढरं, गुळगुळीत हँडल. ते आडवं केलं की खालची पट्टी सरकते, आत दोन स्क्रू. मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर माझ्या पर्समध्ये कायम असतो.

आधी टेपने नुसतं माप घ्यायचं होतं, देवाशपथ. दोन स्क्रूंमधलं अंतर घेतलं, मुठीची लांबी घेतली. मग वाटलं, माप कशाला, मापाचंच न्यावं.

चोरी केली मी. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सासूच्या खोलीत, हळदीकुंकवाच्या दिवशी. परतीच्या बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. वै.ने दिलेली ओटी पण त्याच पर्समध्ये.

१५ एप्रिल, मंगळ.

शेठला नमुना दाखवला. "हे तुमच्या खिडकीचं?" मी हो म्हटलं. त्याने हुबेहूब तसं काढून दिलं.

घरी येऊन बसवलं. स्क्रूची भोकं जुळली, पट्टी बसली, दिसायला तर काय सुंदर. फिरवलं. छान फिरलं. अगदी एका बोटाने. पण खिडकी जागची हलेना. गोल गोल फिरतंय नुसतं.

खोलून बघितलं. हँडलच्या मागे एक चौकोनी सळई असते, ती खिडकीच्या पोटात जाऊन आतलं कुलूप फिरवते. धुळ्याची सळई आखूड. आपल्या खिडक्या जुन्या, जाड, त्यांना बोटभर तरी लांब लागते. ती पोहोचतच नाही.

म्हणजे वरचं कापड मापलं, अस्तर मापलंच नाही. नवशिक्या पोरीला या चुकीवर मी मशीनवरून उठवलं असतं.

१७ एप्रिल, गुरु.

वै.चा फोन. "ताई, अक्कांच्या खिडकीचं हँडल गायब झालंय हो. हळदीकुंकवाला मुलं आली होती, त्यांनीच कुठे टाकलं असेल. मी भोकात पकडीचं टोक घालून उघडून देते, पण शाळेत जाताना वाऱ्याने आपटू नये म्हणून लावावीच लागते, मग अक्का दिवसभर तशाच बसतात उकाड्यात. इथे तसं मिळत नाहीये. तुमच्या ओळखीचं दुकान आहे ना, बघाल का?"

"बघते," म्हणाले. तोंड वर करून.

मनात पहिलं काय आलं ते इथे तरी खरं लिहिते. आलं की, बरं झालं, आता तिकडेही पकडच. त्यानंतर बऱ्याच वेळाने अक्का आठवल्या, बंद खिडकीपाशी. क्रम असा होता. आधी वै., मग अक्का.

चोरलेलं हँडल मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या डब्यामागे. खण उघडला की दिसतं.

१९ एप्रिल, शनि.

शहाणपण सुचलं. मोडकं हँडल आणि आखूड सळईचं नवं, दोन्ही शेठकडे नेली. त्याने दोन्ही शेजारी ठेवून बघितली आणि माझ्याकडेही बघितलं. व्यापारी माणूस. आखूड सळईचं परत घेतलं, लांब सळईचं दिलं.

"किल्लीवालं देऊ की साधं?"

किल्लीचं म्हणजे हँडलच्या बुडाशी छोटं कुलूप. बंद करून किल्ली फिरवली की बाहेरूनही उघडत नाही, आतूनही नाही. मी किल्लीवालं घेतलं. चांगलं ते घ्यावं. वै.कडे साधं आहे.

स्वतः बसवलं. फिरवलं, खट्. करंगळीने उघडली खिडकी! पाच-सहा वेळा उघडली, लावली. मग खोलीत बघितलं तर दाखवायला कोणी नाही.

२० एप्रिल, रवि.

अक्कांना फोन केला. सगळं वर्णन केलं. नवं हँडल, करंगळी, पांढरं शुभ्र, वर किल्ली.

ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "किल्ली कोनाकडे ऱ्हाई?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "तुम्ही कशाला काळजी करता?"

म्हणाल्या, "बरं." आणि फोन वै.च्या मुलीकडे दिला.

२३ एप्रिल, बुध.

ते 'बरं' डोक्यातून जात नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या.

आज दुपारी मशीनवर बसले आणि खिडकी लावून घेतली, सवयीने. त्रेचाळीस असेल बाहेर. मग आठवलं, अक्का या खाटेवरून म्हणायच्या, "खिडकी खोल व." मी म्हणायची, "थांबा, एवढी शिलाई मारते." मग दुसरी शिलाई. कधी कधी दोनदा म्हणायच्या. तिसऱ्यांदा कधीच नाही.

मी म्हणते मी सगळं केलं त्यांचं. केलंच. पाणी मी, औषध मी, खिडकी मी. वै.ला शाळेच्या नोकरीमुळे वेळ नाही, म्हणून तिकडे त्या स्वतः उठून उघडतात. एवढंच आहे वै.चं कर्तृत्व! आणि एवढ्यावर ती जिंकली, याचा मला आत्ता लिहितानासुद्धा राग येतोय. तिचा येतोय. माझाही येतोय, पण तिचा जास्त.

२५ एप्रिल, शुक्र.

भाऊजींनी नवी घागर आणली म्हणे. मीही आणली आज. यांना म्हटलं, दोन घरांत दोन घागरी, नाना कुठे येतील प्यायला? हे म्हणाले, "नाना हुशार होते, दोन्हीकडचं पितील. प्रश्न अक्काचा आहे."

२७ एप्रिल, रवि.

धुळ्याला जाऊन आले. निघताना इथल्या, अक्कांच्या खोलीची खिडकी लावली, किल्ली फिरवली, दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. चोरलेलं हँडल रुमालात.

वै.ला म्हटलं, "मिळालं हो. अगदी तसंच." तिने हात धरला माझा. "ताई, तुम्ही म्हणून. मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या ताईंना काही सांगा, करतात." जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. खरं सांगणार होते. नाही सांगितलं. ती चहा टाकायला गेली.

अक्कांच्या खोलीत जाऊन बसवायला घेतलं. दोन स्क्रू, पट्टी. अक्का खाटेवर बसून बघत होत्या. दुसरा स्क्रू बसला तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी काढाले टाइम लागना, आज लवकर बसाडं."

"तुम्ही जाग्या होतात?"

"मी काय जपेल नव्हतू. बठ्ठं दखं."

"सगळं पाहिलंत, मग बोलल्या का नाही?"

"काय बोलू? माले हासू यी ऱ्हायनं व्हतं." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. खांदे हलत होते. दोन आठवडे बंद खिडकीपाशी बसल्या आणि कोणाला बोलल्या नाहीत. वै.लाही नाही. म्हणजे हे एक गुपित तरी फक्त आमच्या दोघींचं आहे. किती बरं वाटलं काय सांगू. इतकं वाटायला नको होतं, पण वाटलं.

मग मीच बोलले. तुम्ही इकडे राहता ते मला सहन होत नाही. गजरा सहन होत नाही. बिबडे तर मुळीच नाहीत. रडले थोडी. अक्कांनी समजूत काढली नाही. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून काढून खाटेवर ठेवला, तेवढंच.

पर्समधून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. "तुमच्या खिडकीच्या. दोनच आहेत. दोन्ही तुमच्याकडे."

त्यांनी त्या पदराच्या टोकाला बांधल्या, वाकड्या बोटांनी, सावकाश. मी गाठ मारून द्यायला हात पुढे केला होता. मागे घेतला.

आखाजीला कुठे, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. निघताना वै.ने बिबड्यांची पिशवी दिली. घेतली.

२९ एप्रिल, मंगळ.

उद्या आखाजी. घागर धुऊन ठेवली. डांगर आणलं, वास घरभर.

सकाळी शिलाई मशीन हॉलमध्ये ओढून आणलं. हे म्हणाले, "इथे उजेड नाही." म्हटलं, बल्ब लावू. अक्कांची खोली झाडली, पुसली. आता तिथे खाट आणि खिडकी, एवढंच.

खोलीत भट्टी झाली आहे. खिडकी परवा लावून गेले ती लावलेलीच, आणि किल्ल्या धुळ्याला. हे डोक्याला हात लावून बसले. "अगं, निदान एक तरी ठेवायचीस! शेठकडे तिसरी मिळेल. आणू?"

नको म्हटलं. उद्या दुपारपर्यंत वाट बघू.