शेपटीवरचा तपकिरी पट्टा

५ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण ती आता बातमी राहिली नाही. लिहायचं कारण जरा अवघड आहे. आमच्या पक्षी-नोंद समितीने कुरवांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायला काढल्या आहेत. कुरवाचं पिल्लू चार वर्षं रंग बदलत राहतं, त्यात दोन जातींचा संकर झाला की भलेभले फसतात. बावीस वर्षांपूर्वीचा तुझा पांढऱ्या पंखांचा कुरव, आपल्या किनाऱ्यावरची पहिली नोंद, त्यात आहे. तू पाठवलेली सुबक प्रत चालणार नाही. धक्क्यावर उभं राहून लिहिलेली मूळ वही हवी. सख्खी बहीण म्हणून मला मत नाही. चिडू नकोस.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

१२ डिसेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

चिडू नकोस म्हणतेस आणि वर मूळ वही मागतेस! पहिले दोन दिवस तुझ्या समितीला मनसोक्त शिव्या घातल्या. दर हिवाळ्यात नवख्यांना जमवून कुरव कसा ओळखावा यावर मी तासभर छाती फुगवून बोलतो, ते सगळं त्या एका पाखराच्या जोरावर. माझ्या नावावर तेवढी एकच पहिली नोंद आहे गं.

मग माळ्यावर चढलो. वही सापडली आणि वाचून शिडीवरच बसलो. त्यात एवढंच आहे: ‘मोठा कुरव. पिल्लू. फिकट. थंडी फार.’ बास! पंखांची शुभ्र टोकं, स्वच्छ शेपटी, गुलाबी चोच, हे सगळं मी घरी येऊन, पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलं होतं. चक्क पुस्तकातलं पाखरू उतरवून काढलं मी! जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतःची एवढी मोठी चूक सुवाच्य अक्षरात तुम्हाला पाठवून दिली.

त्याच पिशवीत तुझ्या वहिनीची वही होती. तिने तिथल्या तिथे लिहिलंय: ‘पंखांची टोकं कॉफी सांडल्यासारखी. शेपटीवर तपकिरी पट्टा. संकर असावा.’ आता तिला काय तोंड दाखवू? शेजारच्या खोलीतच बसली आहे.

या मूर्खावर लोभ ठेव.

दादा

१५ डिसेंबर

प्रिय ठमीस,
अनेक आशीर्वाद.

यांच्या टेबलावर तुझं पत्र आणि आमच्या दोन्ही वह्या उघड्या दिसल्या, म्हणून मी लिहिते. ती नोंद झाली त्या वर्षी यांचा छापखाना बंद पडला होता. सहा महिने खुर्चीतून उठत नव्हते. त्या दिवशी मीच ओढून धक्क्यावर नेलं. पाखरू दिसलं आणि हा माणूस मोठ्याने हसला. तेव्हा शेपटीवरचा पट्टा दाखवायचं माझ्या अगदी जिवावर आलं. उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याला बावीस वर्षं झाली.

मी चुकून काहीबाही लिहिलं असं समितीला कळवू का? यांची नोंद तेवढी राहू दे. खोटं बोलायची माझी तयारी आहे, जमेल की नाही ते माहीत नाही.

आहे तसाच जिव्हाळा असू दे.

वहिनी

२२ डिसेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

वहिनीने तुला लिहिलेलं पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. पाकीट उघडं होतं, वाचलं. कुरवाच्या शेपटीवरून माझ्यासाठी ही बाई खोटं बोलायला निघाली! तिचं पत्र पाठवलं, पण तू ते मनावर घेऊ नकोस.

सोबत दोन्ही वह्या आहेत. माझी नोंद मी मागे घेतो. नवा फॉर्म भरला आहे: संकरित कुरव, पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू, आपल्या किनाऱ्यावरची पहिलीच नोंद. पाहणाऱ्याच्या रकान्यात फक्त तुझ्या वहिनीचं नाव. नवख्यांपुढे यंदा तीच बोलेल. मी खुर्च्या मांडीन.

ती सही करत होती तेव्हा विचारलं, की माझी फुशारकी इतकी वर्षं कशी ऐकून घेतलीस. मान वर न करता म्हणाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून उठून दाढी केली होती. त्या पाखराकडून तिला तेवढंच हवं होतं.

ठमे, मला रडूच कोसळलं. ती म्हणाली, की आधी फॉर्म बाजूला सरकवा, शाई ओली आहे.

नोंद गेली तरी लोभ राहू दे.

दादा