मावशीच्या बोटांचे ठसे

१४ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

इकडे सगळं ठीक. यांचा खोकला उतरला, नळ मात्र अजून गळतोच आहे. तुझ्या बाहुल्यांच्या सिनेमाला बक्षीस मिळालं, अभिनंदन. आधीच लिहायला हवं होतं.

पिल्लूने तो चार वेळा पाहिला. तीनदा तिच्या बाबांबरोबर, चौथ्यांदा मला ओढत नेलं. तो काळा मनोरा, जाळ्यांचे पडदे, आणि ती मेलेली मुलगी जिन्यावरून वाकडीतिकडी उतरते तेव्हा मी डोळेच मिटले.

"आई, बघ ना! ती घाबरवत नाहीये, ती एकटी आहे."

डोळे उघडले तर पडदाभर तिचा मातीचा गाल. त्यावर बोटांचे ठसे, दर क्षणाला जरासे सरकणारे, जणू कातडीखाली श्वास चाललाय. "ही माझ्या मावशीची बोटं!" लेक एवढ्या मोठ्यांदा ओरडली की लोक वळून बघायला लागले.

मीही दिवसभर बोटांनीच घडवते गं, कवळ्यांसाठी मेण कोरते. पण कवळी अशी हवी की ती खोटी आहे हे कळूच नये. लोक माझं काम तोंडात घालून हसतात, आणि माझ्या बोटाचा ठसा राहिला तर मालक कवळी पुन्हा करायला लावतात.

आता खरं लिहिते. सुट्टीत स्टुडिओत ये, असं तू पिल्लूला लिहिलेलं पत्र तीन आठवड्यांपूर्वीच आलं. मी ते फोडलं, वाचलं आणि कामावरच्या खणात जबड्यांच्या साच्यांखाली ठेवलं. ती रोज विचारायची, मी रोज "नाही आलं" म्हणायचे. परवा ती रडली. "मावशी मला विसरली." तिला जवळ घेतलं, आणि चिमणे, मला बरं वाटलं. पोटची पोर रडतेय आणि मला बरं वाटलं! मग स्वतःचीच भीती वाटली.

काल पत्र दिलं. तिने फोडलेलं पाकीट उलटसुलट पाहिलं.

"तू लपवलंस?"

"हो."

"का?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बॅग मात्र भरून ठेवली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने हे तिला घेऊन येतील.

एक मागू? लहानपणी आपल्या बाहुल्यांची तोंडं मी करायचे आणि तू शेजारी बसून बघायचीस, हे तिला सांग. मी सांगितलं तर बढाई वाटेल. आणि सुट्टी संपली की तिला परत पाठव.

तुझ्यावर जळणारी, आणि तरीही तुझीच,
ताई