खाऱ्या विहिरीत कोण उतरलं

ता. उदगीर, २० नोव्हेंबर १९८२

प्रिय भुजंग,

तुला जयभीम, वहिनींना नमस्कार. पाच वर्षांत माझी एक ओळ नाही, तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला ठेवलंस तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त फाडू नको. नांदेडचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, सिंधूकडून घेतला. तू पाटबंधाऱ्यात कायम झालास हे तिनंच सांगितलं.

इकडं आता आपण उस्मानाबादचे राहिलो नाही. ऑगस्टपासून लातूर जिल्हा झाला. कचेरीच्या पाट्या नव्या झाल्या, पाऊस मात्र पहिल्यासारखाच दगा देऊन गेला. खरीप करपलं. लोक बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी काढायला लागले. मला त्या सालातली आपली टोळी आठवते. सरकारी विहिरींवर आपण दोघं सुरुंगाची भोकं पाडायचो. तू तुझ्या फडक्यातली भाकर अर्धी मोडून द्यायचास, मी खायचो, आणि घरी सांगायचो नाही.

काल त्या वादळाला पाच वर्षं झाली. रेडिओवर आंध्रच्या किनाऱ्याचं नाव निघालं आणि मी हातातलं काम ठेवून बसलो. वादळानंतर आठवड्यानं आपण बारा जण उदगीरहून रेल्वेत बसलो होतो. विहिरींची कामं केलेली माणसं पाहिजेत, एवढाच निरोप होता. आपल्याला पाण्यावाचून मेलेला मुलूख माहीत होता. पाण्यानं मेलेला पहिल्यांदा पाहिला. समुद्र कोसभर आत येऊन गेलेला. घरं नव्हती, घरांचे ओटे तेवढे होते. ताडाच्या शेंड्यात लुगडी अडकलेली. सगळीकडं पाणी, आणि प्यायला घोट नाही, कारण प्रत्येक विहिरीत समुद्र भरलेला.

तरी ती माणसं काय चिवट होती. उरलेल्यांनी एकच चूल मांडली होती. कोळी आणि कुळंबी एका पंगतीला बसायचे. जिची लेकरं गेली ती बाई जिची आई गेली त्या पोरीचे केस विंचरायची. ताडाच्या झावळ्यांची छपरं रोज दोन-दोन वाढायची. आपण विहीर उपसायचो, पाझरून आलेलं पाणी पुन्हा खारटच निघायचं, तरी ते हसून पुन्हा दोर धरायचे.

देवळामागची ती विहीर तू विसरला नसशील. तळाशी म्हैस अडकली होती आणि बांधकाम एका अंगानं फुगलं होतं. उतरायची पाळी माझी होती. कमरेला दोर बांधून मी चार पायऱ्या गेलो आणि माझे पाय थांबले. वास, अंधार आणि ते फुगलेलं बांधकाम. मला खालीही जाता येईना, वरही येता येईना. तू येऊन माझा हात धरलास, कुणाला कळू न देता माझ्या कमरेचा दोर सोडून स्वतःच्या कमरेला बांधलास आणि म्हणालास, "तू वरून दोर धर. मी हाय खाली."

तीन दिवस तू खाली होतास. सातव्या उपशानंतर तिथल्या एका म्हातारीनं ओंजळभर पाणी चाखलं आणि "मंची नीळ्ळू, मंची नीळ्ळू" म्हणत रडत बसली. गोडं पाणी. पहिला तांब्या तिनं तुझ्या हातात दिला.

बाकीचे दहा जण दुसऱ्या विहिरींवर होते आणि कागदावर उतरणारा म्हणून माझंच नाव राहिलं. परत आल्यावर उदगीरच्या शाळेत सत्कार झाला. मेलेल्या विहिरीत उतरून पाणी जिवंत करणारा पंढरी, असं बोलणारे बोलले. मला वाटलं, आता उठावं. शाल अंगावर पडली आणि मी बसून राहिलो. तू मागं भिंतीशी होतास. टाळ्या वाजवल्यास आणि चहाच्या आधी निघून गेलास. महिनाभरात गावही सोडलंस.

गेल्या आठवड्यात गावची विहीर आटली. गाळ काढायचा, पण एका बाजूचे दगड सुटलेत म्हणून कुणी उतरेना. सरपंच किशनराव सगळ्यांसमोर म्हणाले, आपला पंढरी आहे की, त्यानं समुद्राची विहीर उपसली आहे. दोर माझ्या हातात दिला. तेव्हा मी सांगितलं, "मी उतरलोच नव्हतो. भुजंग उतरला होता." गर्दीतून दगडोबानं विचारलं, मग शाल कशी घेतलीस? मी दोर किशनरावांच्या हातात परत दिला. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत.

आता किशनराव तुला बोलावणं धाडणार आहेत. ह्याच विहिरीवर तुझ्या आईला, चांगुणाबाईंना, कुणी घागर बुडवू दिली नव्हती. त्या दूर उभ्या राहायच्या आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. तेव्हाही मी तिथं होतो, आणि गप्पच होतो. बोलावणं येईल तेव्हा तुला जे वाटेल ते कर. नाही म्हणालास तर गावात तुझी बाजू मी मांडीन. ये म्हणायला मी हे लिहीत नाही. सगळ्या गावापुढं बोलून झालं, पण ज्याच्यापुढं बोलायला पाहिजे होतं त्याच्यापुढं एकदाही तोंड उघडलं नव्हतं, हे त्या रात्री लक्षात आलं. भुजंग, माझं चुकलं. एवढं तुला माझ्याच हातून कळावं म्हणून लिहिलं.

तुझाच,
पंढरी